लखलखाट, लेकरं आणि फिट

गटाच्या बैठकीत हल्ली कर्जाच्या हप्त्याइतकाच मोबाईलचा विषय निघतो. लेकरं गेम सोडत नाहीत, ही तक्रार घरोघरची. त्यात एखादी ताई हळूच विचारते, "गेम खेळताना फिट येते म्हणतात, खरं का?" आज त्याचं उत्तर देऊ, पण जरा मागं जाऊन.

फिट, मिरगी, फेफरं, नाव काहीही घ्या. मेंदूतल्या बारीक विजेचा ताळमेळ थोडा वेळ बिघडतो आणि फिट येते. ना देवीचा कोप, ना बाहेरची बाधा. हा आजार असलेल्या शंभरातल्या साधारण तिघांना भराभर लुकलुकणाऱ्या उजेडानं फिट येऊ शकते. हे वाढत्या वयात जास्त दिसतं आणि मुलांपेक्षा मुलींमध्ये जास्त.

जगाला हे मोठ्या प्रमाणावर कळलं ते १६ डिसेंबर १९९७ ला. जपानमध्ये संध्याकाळी टीव्हीवर 'पोकेमॉन' हे कार्टून लागलं होतं. एका प्रसंगात लाल आणि निळा उजेड सेकंदाला सुमारे बारा वेळा आलटून पालटून चमकला. त्या संध्याकाळी सुमारे ६८५ जणांना दवाखान्यात न्यावं लागलं, त्यात बहुतेक लेकरंच. सगळ्यांनाच फिट आली नव्हती, कुणाला चक्कर, कुणाला मळमळ होती. पण ज्यांना फिट आली, त्यातल्या कित्येकांना ती आयुष्यात पहिल्यांदाच आली होती. मालिका चार महिने बंद राहिली. तो भाग पुन्हा कधीच दाखवला नाही.

ब्रिटनमध्ये १९९३ सालीच एका जाहिरातीनं असं घडलं होतं. त्यानंतर तिथं टीव्हीसाठी नियम झाले. सेकंदाला तीनपेक्षा जास्त वेळा लखलखाट नको. गडद लाल रंगाची उघडझाप नको. लखलखाट करायचाच तर पडद्याच्या चौथ्या हिश्श्यापेक्षा मोठ्या भागावर नको. जपाननंही १९९८ साली आपले नियम केले. नियम नीट पाहा: रंग बंद केले नाहीत, मारामारी बंद केली नाही, वेग आणि आकार मोजून बांधला. भाजीत तिखट बंद करायचं नाही, बेतानं टाकायचं, तसं.

गेमचं मात्र अवघड आहे. टीव्हीचा कार्यक्रम दाखवण्याआधी तपासता येतो, कारण तो दर वेळी सारखाच असतो. गेम खेळणाऱ्याच्या बोटावर चालतो. कधी स्फोट होईल, किती होतील, ते खेळणाराच ठरवतो. म्हणून बऱ्याच कंपन्या सुरुवातीला इशाऱ्याची पाटी लावून मोकळ्या झाल्या. ती पाटी कोण वाचतं? आणि ज्याला अजून पहिली फिटच आलेली नाही, त्याला ती आपल्यासाठी आहे हे कसं कळावं?

डिसेंबर २०२० मध्ये 'सायबरपंक २०७७' नावाचा मोठा गेम आला. त्यात एका यंत्राचे दिवे लाल-पांढरे भराभर चमकायचे. गेम तपासणाऱ्या एका पत्रकार बाईंना खेळताना जोराची फिट आली आणि त्यांनी ते जाहीरपणे लिहिलं. कंपनीनं आधी ठळक इशारा दिला, मग त्याच महिन्यात तो लखलखाट सौम्य केला. प्रसंग तसाच राहिला, गेमही चालला. म्हणजे देखणेपण आणि सुरक्षितता यांचं वैर नाही. आधीच विचार केला असता तर त्या बाईंना त्रास झाला नसता.

आता आपल्याकडं या. कारखान्यावर कोपीत, अंधारात, लेकरू मोबाईल डोळ्याशी धरून बसतं. अंधार, जवळचा पडदा आणि अपुरी झोप, तिन्ही गोष्टी धोका वाढवतात. दिवा लावा, मोबाईल लांब धरायला लावा, उजेड कमी ठेवा, मधे उठवा. गेमच्या सेटिंगमध्ये लखलखाट कमी करायची सोय असेल तर ती चालू करा. पडदा बघताना कसंतरी वाटलं तर एका डोळ्यावर तळहात गच्च ठेवून तोंड फिरवायचं, हे लेकराला शिकवा.

फिट आलीच तर कुशीवर वळवा. तोंडात चमचा घालू नका, चप्पल-कांदा हुंगवू नका. पाच मिनिटांत थांबली नाही तर १०८ ला फोन करा. नंतर डॉक्टरांना दाखवा. शाळा-अंगणवाडीत येणाऱ्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकालाही सांगा. मोठ्या तपासणीसाठी आपल्या जिल्ह्यात अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालय आहे.

पण सांगणार कोण? पोरीची फिट आपण लपवतो, लग्न मोडेल म्हणून. पूर्वी कायदाही तसाच होता: वारंवार फिट येते म्हणून हिंदू विवाह कायद्यात लग्न रद्द ठरवता येत होतं. १९९९ साली संसदेनं त्यातून हा आजार काढून टाकला. कायदा बदलून पंचवीस वर्षं उलटली, आता आपण बदलायचं. लपवलेल्या आजाराला गोळी मिळत नाही आणि गोळ्या नियमित घेतल्या तर बहुतेकांच्या फिट आटोक्यात येतात.

पुढच्या बैठकीत हा विषय काढा. ज्या ताईच्या घरी असं लेकरू आहे, तिला एकटं पडू देऊ नका. रामराम.