विमा एजंट पेशात टिकतो कशामुळे?

विक्रेत्याच्या पेशात काही जण आयुष्य काढतात आणि बरेच जण वर्षा-दोन वर्षांत बाहेर पडतात. कारण बहुधा स्वभावात शोधले जाते: गोड जीभ, चिकाटी, ओळखीपाळखी. भारतीय आयुर्विम्याचा इतिहास मात्र कायद्याच्या कलमांकडे बोट दाखवतो.

मुंबईत १८७४ साली ओरिएंटल, साताऱ्यात १९१३ साली अण्णासाहेब चिरमुले यांची वेस्टर्न इंडिया अशा कंपन्या उभ्या राहिल्या. त्यांना ग्राहक मिळवून देणारा एजंट पगारी नोकर नव्हता. हप्त्यातील टक्केवारी हेच त्याचे उत्पन्न.

१९३८ च्या विमा कायद्यात १९५० साली दुरुस्ती होऊन या टक्केवारीच्या मर्यादा अशा ठरल्या. साधारण पॉलिसीवर पहिल्या वर्षी कमाल ३५ टक्के, पुढील दोन वर्षे साडेसात, त्यानंतर ५. म्हणजे वार्षिक १०० रुपये हप्त्यावर चौथ्या वर्षापासून फार तर पाच रुपये. रक्कम क्षुल्लक खरी. पण अशा ३०० पॉलिसी चालू असतील, तर एकही नवे गिऱ्हाईक न मिळवता वर्षाला १५०० रुपये हाती येतात. जुना आणि नवखा एजंट एकाच दारात उभे असले, तरी त्यांचा धंदा एक नसतो.

नवख्याकडे ही पुंजी नसते. आधी नातेवाईक, मग शेजारी. ती यादी संपली की खरी विक्री सुरू होते. त्यातच ग्राहक पहिल्या कमिशनात वाटा मागत. कलम ४१ ने अशी सूट देण्यास मनाई केली होती. मनाई करावी लागली, यातच सारे आले. भिडेखातर घेतलेली पॉलिसी दुसऱ्या हप्त्यालाच बंद पडली, की पुढचे साडेसात आणि पाच टक्केही बुडत. घरात दुसरी मिळकत असणाऱ्यालाच हा काळ निभावणे सोपे होते. चिकाटीचे गोडवे गाताना ही बाब सोयीस्करपणे विसरली जाते, असे माझे मत आहे.

१९५६ मध्ये अर्थमंत्री चिंतामणराव देशमुख यांच्या काळात आयुर्विम्याचे राष्ट्रीयीकरण झाले. २४५ कंपन्या व संस्थांचा व्यवसाय महामंडळाकडे आला. मुख्य एजंट व विशेष एजंट या मधल्या फळीचे करार नव्या कायद्याच्या कलम ३६ ने संपुष्टात आणले, भरपाई देऊन. दारोदार फिरणारा साधा एजंट मात्र राहिला.

राहण्याचे सर्वांत मोठे कारण १९३८ च्या कायद्यातील कलम ४४ मध्ये आहे. सेवेची ठरावीक वर्षे आणि पुरेसा व्यवसाय असेल, तर एजन्सी संपली म्हणून पुढील हप्त्यांवरचे कमिशन कंपनीला थांबवता येत नसे, अपवाद फसवणुकीचा. एजंटाच्या मृत्यूनंतर ते त्याच्या वारसांना मिळे.