परिकर्मी

गेल्या वर्षीची गोष्ट. बारावीचे निकाल लागले होते. पणदऱ्यात आमच्या शेजारची एक मुलगी हातात एक छापील माहितीपत्रक घेऊन आली. म्हणाली, "चाचा, हे जरा वाचून सांगा." पत्रकावर लिहिलं होतं, ऑपरेशन थिएटर टेक्निशियन. मागे तिची आई उभी होती. तिनं विचारलं, "भाई, पोरगी डॉक्टर होणार नाही, नर्सही होणार नाही. मग ही होणार तरी कोण? लोकांनी विचारलं तर काय सांगू?"

मी बी.ए. झालेला, कविता लिहिणारा माणूस. मला तरी काय ठाऊक असणार? पण त्या माउलीचा प्रश्न मनातून जाईना. शोधू लागलो तेव्हा लक्षात आलं की हा प्रश्न फार जुना आहे आणि त्याचं उत्तरही जुनंच आहे.

सुश्रुतसंहितेत शस्त्रकर्माच्या आधी काय काय जवळ असावं, याची मोठी यादी आहे. त्यात यंत्रं आणि शस्त्रं आहेत. कापूस, दोरा, पट्ट्या, मध, तूप, गार आणि गरम पाणी आहे. आणि त्याच यादीत माणसंही आहेत. त्यांना नाव आहे 'परिकर्मी'. ते मायाळू असावेत, स्थिर असावेत आणि अंगात बळ असलेले असावेत, अशी अपेक्षा आहे. शिकाऊ वैद्यानं आधी कोहळ्यावर, दुधी भोपळ्यावर कापण्याचा सराव करावा, असंही तिथं सांगितलं आहे. म्हणजे हात तयार करावा लागतो, तो आपोआप तयार होत नाही, हे आपल्याकडे फार पूर्वी उमगलं होतं.

तिकडे स्पेनमधल्या कॉर्डोबाजवळ दहाव्या शतकात अबुल कासिम अल-जहरावी नावाचा शल्यवैद्य होऊन गेला. त्यानं तीस भागांचा ग्रंथ लिहिला आणि शेवटच्या भागात सुमारे दोनशे हत्यारांची चित्रं काढून ठेवली. हत्यार नुसतं असून भागत नाही, ते ओळखता आलं पाहिजे, हे त्याला कळलं होतं. बाराव्या शतकात हा भाग लॅटिनमध्ये गेला आणि युरोपातले शल्यवैद्य त्यावर कित्येक पिढ्या शिकले.

आपल्या पुण्याकडे येऊ. १७९२ साली टिपूच्या लढाईत इंग्रजांच्या फौजेचा कावसजी नावाचा गाडीवान पकडला गेला आणि त्याचं नाक कापलं गेलं. पुढे पुण्याजवळ विटा पाडणाऱ्या जातीतल्या एका माणसानं त्याच्या कपाळाची कातडी वळवून नवं नाक बसवलं. दोन इंग्रज डॉक्टरांनी ते डोळ्यांनी पाहिलं. १७९४ साली लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये ती हकिगत छापून आली आणि १८१४ साली कार्प्यू नावाच्या सर्जननं तीच रीत लंडनमध्ये वापरली. गाडीवानाचं नाव जगभर गेलं. नाक बसवणाऱ्या त्या कारागिराचं नाव मात्र त्या हकिगतीत नाही. मग त्याला वस्तरा देणारा, रक्त टिपणारा, रोग्याचं डोकं धरून बसणारा जो कुणी असेल, त्याची आठवण कोण ठेवणार?

१८४६ साली बोस्टनमध्ये ईथरची भूल जाहीरपणे दाखवली गेली. १८६७ साली लिस्टरनं कार्बोलिक आम्लाचा उपाय मांडला. रोगी शांत झाला, जखमा चिघळेनाशा झाल्या आणि शस्त्रक्रिया लांबल्या. मग एकट्या सर्जनचं काम उरलं नाही. अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात कॅरोलिन हॅम्प्टन ही परिचारिका डॉ. हॉल्स्टेड यांना हत्यारं देत असे. जंतुनाशक द्रावणानं तिच्या हातांची आग होई, कातडी सोलवटे. तिच्यासाठी डॉक्टरांनी रबराच्या कंपनीकडून पातळ हातमोजे बनवून घेतले. पुढे १८९० साली दोघांचं लग्न झालं. आज जगभर सर्जन जे हातमोजे घालतात, ते मुळात सर्जनसाठी नव्हतेच, हत्यार देणाऱ्या हातांसाठी होते.

आपल्याकडे मिरजेला डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी १८९४ साली रुग्णालय उभारलं. दूरदूरहून माणसं रेल्वेनं मिरजेला ऑपरेशनला येत. एवढं काम परदेशातून आलेल्या दोन-चार डॉक्टरांच्यानं होणारं नव्हतं. इथल्याच तरुण-तरुणींना हाताशी धरून शिकवावं लागलं. मिरज म्हटलं की मला सतारमेकरांची गल्ली आठवते. ही घराणी मूळची शिकलगारांची, म्हणजे तलवारींना धार लावणाऱ्यांची. धार लावणारे हात तारा जुळवू लागले. हात शिकला की काय होतं, हे त्या गावाला वेगळं सांगायला नको.

पण हातानं शिकलेल्याला कागदाची साथ नसली तर काय होतं, हे मी घरात पाहिलं आहे. माझे एक मामू तालुक्याच्या गावी एका खासगी दवाखान्यात फरशी पुसायला लागले. डॉक्टरांनी त्यांचा शांत स्वभाव पाहिला आणि आत घेतलं. पंचवीस वर्षं त्यांनी हत्यारं उकळली, मांडली, दिली. बारीक चिमट्याला 'मॉस्किटो' म्हणतात, मामू त्याला 'मच्छर' म्हणत. डॉक्टरांनी हात पुढे करायच्या आत मच्छर त्यांच्या हातात असे. दवाखाना दुसऱ्याकडे गेला. नव्या मालकांनी सर्टिफिकेट मागितलं. ते नव्हतं. मामूंना चादरी धुण्याच्या कामावर पाठवलं. मालकांचं अगदीच चुकलं असं मी म्हणणार नाही. रोग्याचा जीव कुणाच्या हाती आहे, हे विचारायलाच हवं. पण पंचवीस वर्षांत मामूंना कुणी परीक्षेला बसवलं नाही, ही चूक कुणाची?

आता तसं राहिलेलं नाही. नाशिकचं महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ साली स्थापन झालं. त्याच्या पॅरामेडिकल पदवीत ऑपरेशन थिएटर टेक्निशियन ही स्वतंत्र शाखा आली. २०२१ साली संसदेनं संलग्न आरोग्य व्यवसायांचा कायदा केला आणि त्याच्या यादीत ऑपरेशन थिएटर टेक्नॉलॉजिस्टचं नाव घातलं. पदविकेला किमान दोन हजार तासांचं शिक्षण हवं, असं त्यात ठरलं. बारामतीला २०१९ साली सरकारी वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं, त्यामुळे आमच्या नीरेच्या कालव्याकाठच्या मुलांना मोठं ऑपरेशन थिएटरही फार लांब राहिलं नाही.

या तासांत शिकायचं काय? हत्यारं ओळखणं, वाफेच्या दाबाखाली ती निर्जंतुक करणं, निर्जंतुक कपड्याला कशाचा स्पर्श झाला आणि कशाचा नाही हे ध्यानात ठेवणं. भुलेच्या यंत्राची तयारी. आणि मोजणं. ऑपरेशनच्या आधी कापडाचे तुकडे, सुया, चिमटे मोजायचे, पोट शिवण्याआधी पुन्हा मोजायचे. एक कमी भरला तर सर्जन कितीही मोठा असो, त्याला "थांबा" म्हणायचं. खेड्यातल्या मुलीला हा शब्द मोठ्या माणसासमोर उच्चारायला शिकवणं, हेच मला या शिक्षणातलं सगळ्यात अवघड वाटतं.

या कामी आपल्याच एका माणसाचा उपयोग झाला. डॉ. अतुल गवांदे अमेरिकेत जन्मले, पण त्यांचं मूळ गाव यवतमाळ जिल्ह्यातलं उटी. जागतिक आरोग्य संघटनेसाठी २००८ साली त्यांच्या नेतृत्वाखाली शस्त्रक्रियेची एकोणीस कलमांची तपासणी यादी तयार झाली. दिल्लीसह जगातल्या आठ शहरांत ती वापरून पाहिली. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार मृत्यूंचं प्रमाण दीड टक्क्यावरून ०.८ टक्क्यावर आलं. यादीतलं एक कलम अगदी साधं आहे. पहिला छेद घेण्याआधी खोलीतल्या प्रत्येकानं आपलं नाव आणि आपलं काम सांगायचं. ज्यानं आपलं नाव एकदा उच्चारलं, तो पुढे काही चुकतंय असं दिसल्यावर बोलायला कचरत नाही, हा त्यामागचा विचार.

मुलीला मी एवढंच सांगितलं, की संस्थेला विद्यापीठाची मान्यता आहे का, याचा कागद डोळ्यांनी पाहिल्याशिवाय फीचा एक रुपया भरू नकोस. पत्रक गुळगुळीत असतं, मान्यता असतेच असं नाही. पत्रकावरच्या संस्थेनं तो कागद दाखवला नाही. मुलीनं दुसरीकडे, मान्यता असलेल्या ठिकाणी प्रवेश घेतला.

आणि तिच्या आईला म्हणालो, "लोकांनी विचारलं तर सांगा, ऑपरेशनच्या वेळी सगळे आपलं नाव सांगतात, त्यात आमच्या पोरीचंही नाव असणार आहे."

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)