औषधाला न जुमानणारा स्टॅफ: जखमेपासून उपचारापर्यंत

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीवर पांढुर्णा आणि सावरगाव यांच्यात गोटमार, म्हणजे परस्परांवर दगडफेक, होते. दरवर्षी शेकडो जण जखमी होतात. एरवीही शेतातल्या आणि रस्त्यावरच्या जखमा सौंसर-पांढुर्ण्याच्या दवाखान्यांत येतच असतात. त्वचा फाटली की स्टॅफिलोकोकस ऑरियस या जंतूला आत शिरायला वाट मिळते. सुमारे ३० टक्के निरोगी माणसांच्या नाकात तो निमूट राहतो. त्याचा औषधाला दाद न देणारा प्रकार म्हणजे एमआरएसए.

१. प्रतिकाराचे मूळ. पेनिसिलिनच्या कुळातली औषधे जंतूची पेशीभित्ती विणणाऱ्या प्रथिनांना चिकटतात. भिंत अपुरी राहून जंतू मरतो. १९६१ साली ब्रिटनमध्ये मेथिसिलिनला न जुमानणारे स्टॅफ नोंदले गेले. त्यांच्यातले मेकए जनुक वेगळेच प्रथिन घडवते. नेहमीची औषधे त्याला धरू शकत नाहीत आणि भिंत विणली जात राहते. म्हणून इथे क्लॉक्सासिलिन किंवा सेफ्ट्रियाक्सोनचा डोस वाढवून काही साधत नाही.

२. प्रसार. भारतातल्या १५ केंद्रांनी २००८ आणि २००९ या दोन वर्षांत २६,३१० स्टॅफ तपासले. त्यांतले ४१ टक्के एमआरएसए निघाले. २००८ मध्ये हे प्रमाण बाह्यरुग्णांत २८, वॉर्डात ४२ आणि अतिदक्षता विभागात ४३ टक्के होते. रुग्णालयात प्रतिजैविकांचा मारा जास्त असतो, शिवाय एका खाटेवरून दुसऱ्या खाटेवर जंतू नेणारे हातही तिथेच असतात.

३. निदान. पहिले इंजेक्शन देण्याआधी पू किंवा रक्त कल्चरला पाठवावे. प्रयोगशाळेत सेफॉक्सिटिनच्या चकतीभोवती जंतू किती जवळ वाढतो, यावरून प्रतिकार कळतो.

४. उपचार. गळू असेल तर आधी चिरून पू काढावा. पू साचलेल्या जागी औषध नीट पोहोचत नाही. रक्तात संसर्ग असल्यास व्हँकोमायसिन, मूत्रपिंडावर लक्ष ठेवून. रक्ताचे कल्चर स्वच्छ आल्यावरही किमान १४ दिवस. फुप्फुसासाठी लिनेझोलिड चालते, डॅप्टोमायसिन मात्र तिथल्या द्रवात निकामी होते. वोक्हार्ट या भारतीय कंपनीच्या लिव्होनाडिफ्लॉक्सासिन या एमआरएसएवर चालणाऱ्या प्रतिजैविकाला २०२० मध्ये देशात मान्यता मिळाली.

५. प्रतिबंध. अमेरिकेतल्या ४३ रुग्णालयांच्या २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात एका गटातल्या रुग्णालयांनी अतिदक्षता विभागातल्या प्रत्येक रुग्णाच्या नाकात म्युपिरोसिन लावले आणि रोज क्लोरहेक्सिडिनने अंग पुसले. त्या गटात नमुन्यांत एमआरएसए सापडण्याचे प्रमाण ३७ टक्क्यांनी घटले. मध्य प्रदेशाने २०१९ मध्ये प्रतिजैविक-प्रतिकाराविरुद्ध राज्य आराखडा आणला. त्याची खरी कसोटी ड्रेसिंगच्या टेबलावर लागते: दर जखमेआधी आणि नंतर हात धुणे.

सौंसरहून रुग्ण नागपूरला पाठवताना चिठ्ठीत तीन गोष्टी लिहाव्यात: नमुना कधी घेतला, कोणते प्रतिजैविक दिले, किती दिवस दिले. या तीन ओळींनी पुढच्या डॉक्टरांचा अंदाज बांधण्यातला वेळ वाचतो, आणि रक्तात जंतू शिरलेल्या रुग्णाला त्याच वेळेची सर्वांत जास्त गरज असते.