आणीबाणीच्या दिव्यांचे ४८ व्होल्ट

ध्वनिमुद्रण कक्षातील मिक्सरवर '+४८ व्होल्ट' असे लिहिलेले एक बटण असते. ते दाबताच कंडेन्सर मायक्रोफोन बोलू लागतो. पण ४८ हाच आकडा का? तो निसर्गाच्या कोणत्याही नियमातून आलेला नाही.

कंडेन्सर मायक्रोफोन अमेरिकेत एडवर्ड वेंट यांनी १९१६ मध्ये सिद्ध केला. ताणलेला पातळ पडदा आणि त्यामागची धातूची तबकडी मिळून एक धारित्र तयार होते. आवाजाने पडदा कंप पावला की दोहोंतील अंतर बदलते आणि त्याबरोबर धारिताही बदलते. हा बदल विद्युत-संकेतात उतरवण्यासाठी विभवांतर लागते. शिवाय तो क्षीण संकेत केबलमधून पाठवण्यासाठी मायक्रोफोनमध्येच वर्धक असावा लागतो. १९४९ च्या सुमारास आलेल्या न्यूमन कंपनीच्या 'यू ४७' मध्ये हे काम निर्वात नलिका करीत असे. तिला शंभराहून अधिक व्होल्ट लागत. म्हणून प्रत्येक मायक्रोफोनसोबत एक स्वतंत्र वीजपेटी आणि अनेक तारांची केबल बाळगावी लागे.

ही पेटी दूर ठेवण्यालाही कारण होते. तिच्यातील रोहित्राभोवतीचे चुंबकीय क्षेत्र संकेतात घरघर मिसळते. आपल्याकडील ५० हर्ट्झच्या विजेमुळे ही घरघर ५० आणि १०० हर्ट्झला उमटते. तानपुऱ्याचा खर्जही याच परिसरात असल्याने ती नंतर वेगळी काढणे कठीण. मात्र हे क्षेत्र साधारणतः अंतराच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात घटते. अंतर दुप्पट केले की ते सुमारे एक-अष्टमांश उरते. संवेदनशील उपकरणांचा वीजपुरवठा आजही बाहेर ठेवला जातो, तो बऱ्याचदा याच कारणाने.

ट्रान्झिस्टर आला आणि विजेची गरज काही मिलिअँपिअरवर उतरली. मग वेगळ्या पेटीची आवश्यकता काय? १९६६ मध्ये नॉर्वेच्या राष्ट्रीय नभोवाणीने न्यूमनकडे अशा मायक्रोफोनची मागणी केली, ज्याला वीज संकेताच्याच तारांतून मिळेल. तिच्या स्टुडिओत आणीबाणीच्या दिव्यांसाठी ४८ व्होल्टचा पुरवठा आधीच होता. तोच वापरायचे ठरले आणि 'केएम ८४' हा मायक्रोफोन त्यावर चालू लागला. पुढे हाच दाब आंतरराष्ट्रीय मानकात स्थिरावला.

यातील युक्ती सोपी आहे. दोन्ही संकेत-तारांना ६.८ किलो-ओहमच्या दोन समान रोधांतून सारखाच धन दाब दिला जातो. परतीचा मार्ग केबलच्या धातूच्या आवरणातून असतो. संकेत म्हणजे दोन तारांमधील फरक. दाब दोन्हींवर सारखा असल्याने संकेताच्या दृष्टीने तो जणू नसतोच. म्हणूनच या पद्धतीला 'फँटम', म्हणजे भासमान, असे नाव पडले. हे सारे त्या समानतेवर उभे आहे. त्यामुळे दोन रोधांतील परस्पर फरक ०.४ टक्क्यांच्या आत असावा, असे मानक सांगते.

समानता मोडली की धोका संभवतो. केबलमधील एखादी तार चुकीची जोडली गेली, तर रिबन मायक्रोफोनच्या नाजूक धातुपट्टीतून प्रवाह वाहू शकतो आणि ती ताणली किंवा तुटू शकते. म्हणून बटण दाबण्यापूर्वी केबल तपासावी, आणि मायक्रोफोन जोडताना वा काढताना पुरवठा बंद ठेवावा.

विद्यार्थिमित्रांनो, मानके केवळ गणितातून जन्मत नाहीत. कधी कधी हाताशी काय उपलब्ध होते, हेही त्यांना आकार देते. तुमच्या प्रयोगशाळेतील कोणत्या आकड्यामागे असा इतिहास दडला असेल?

#विज्ञानाचा_इतिहास #ध्वनिशास्त्र