चौदाव्या हुद्द्याची गोष्ट

अप्रेझलच्या बेल कर्व्हला शिव्या घालताना मला हटकून वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट आठवतो. २००५ च्या एप्रिलमध्ये त्यात 'ऑनर' पद्धत आली. हुद्दे एकूण १४. पण गंमत अशी, की तुम्ही किती कमावलं यापेक्षा सर्व्हरवरच्या तुमच्याच बाजूच्या इतरांपेक्षा त्या आठवड्यात किती जास्त कमावलं, यावर हुद्दा ठरायचा. सुट्टी घेतली की घसरण! शेजारचा जागा, म्हणून आपणही जागं. काहीजण तर एकच खातं आळीपाळीने चालवायचे. अखेर डिसेंबर २००६ मध्ये ही पद्धत गेली. २०१९ मध्ये 'क्लासिक'मध्ये परतली, तेव्हा तेच जागरण पुन्हा. दोष खेळाडूंचा नाही, मोजपट्टीचा. रात्री अकराला मेल टाकणारे आम्ही तरी कुठे वेगळे? असो.