छकडा, दमणी आणि चाकणची सेडान

मेहुण्यांनी निवृत्तीनंतर सेडान घ्यायचं ठरवलं आणि फोक्सवॅगन व्हर्टस नक्की केली. गाडी आपल्या चाकणची. कंपनीनं 2022 मध्ये ती बाजारात आणली तेव्हाच तिच्या दोन शाखा केल्या. एक साधी, तिच्यात कम्फर्टलाइन, हायलाइन, टॉपलाइन अशा पायऱ्या, दुसरी ‘जीटी’, तिच्यात जीटी प्लस. घरच्या बैठकीत निकाल पाच मिनिटांत लागला. ‘जीटी पोरांची. लाल कॅलिपर, काळं छप्पर आणि कंबरडं मोडणारं सस्पेन्शन. आपल्या रस्त्यांना आरामाचंच मॉडेल हवं.’ मी तोंड उघडायच्या आत चहा आला आणि विषय मिटला.

मिटला तो त्यांच्यापुरता. हे मत एकट्या मेहुण्यांचं नाही. सेडान घेऊ पाहणाऱ्या कुणालाही नातेवाईक, शेजारी, गॅरेजवाले हेच सांगतात, आणि असं सांगतात की जणू त्यावर कुणी कधी शंका घेतलीच नाही. तशी निवड आपल्याला नवी नाही. बैलगाडीच्या काळात शर्यतीला छकडा होता आणि माहेरवाशिणीला आणायला छत घातलेली दमणी होती. छकड्यात बसून कुणी लग्नाला जात नसे आणि दमणी कुणी शंकरपटात उतरवत नसे. छकडा एक, दमणी एक. ती दोन वेगळी वाहनं होती. घोळ झाला तो पुढे, एकाच गाडीच्या दोन आवृत्त्यांकडे आपण त्याच नजरेनं पाहू लागलो तेव्हा.

खंडन करायचं तर आधी पूर्वपक्ष त्याच्या पुऱ्या बळानिशी मांडावा, ही आपल्याकडची रीत. खांब रोवताना तो पुन्हा पुन्हा हलवून पाहतात, त्याला शास्त्रकार स्थूणानिखनन न्याय म्हणत. तसा हा खांब मीही आधी हलवून पाहतो.

स्पोर्टी गाडी जमिनीला जवळ, स्प्रिंग कडक, चाकं मोठी आणि टायर पातळ, असं पूर्वपक्ष म्हणतो. यात तथ्य आहे. स्कोडानं 2020 मध्ये ऑक्टाव्हिया आरएस 245 या नावाच्या 200 गाड्या भारतासाठी आणल्या. त्यांचे टायर होते 225/40 आर18. यातला पहिला आकडा टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. दुसरा आकडा टायरच्या बाजूची उंची, रुंदीच्या टक्क्यांत. म्हणजे रिम आणि रस्ता यांच्या मध्ये रबराची भिंत 90 मिलिमीटरची. अशी गाडी खड्ड्यात आदळली की मणक्याला कळतं, आणि कधी कधी रिमलाही.

त्यात आपले गतिरोधक. भारतीय रस्ते महासभेच्या मार्गदर्शिकेतला गतिरोधक 3.7 मीटर रुंद आणि 10 सेंटिमीटर उंच असतो; ताशी 25 किलोमीटरनं तो सहज ओलांडता यावा असा त्याचा गोलावा. प्रत्यक्षात गल्लीच्या तोंडाशी रातोरात उगवलेला उंचवटा हातभर रुंद आणि वीतभर उंच. तिथे बुटकी गाडी पोट घासून जाते. शिवाय मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर कारला ताशी 100 ची मर्यादा, मग जादा ताकद जाळायची कुठे? आणि मागच्या सीटवर बसणार कोण? आई, सासूबाई, नातवंडं. त्यांनी कुणाच्या हौसेची किंमत का मोजायची?

खांब मजबूत वाटतो. पण तो उभा आहे एका गृहीतकावर: स्पोर्टी नाव म्हणजे स्पोर्टी सांगाडा. व्हर्टसपुरतं तरी ते गृहीतक टायरपाशीच ढासळतं. टॉपलाइनचा टायर 205/55 आर16. जीटी प्लसचा टायर 205/55 आर16. रबराची भिंत दोन्हींत जवळपास 113 मिलिमीटरची, म्हणजे त्या आरएसपेक्षा पाऊण इंचाहून जास्त. पुढे मॅकफर्सन स्ट्रट, मागे ट्विस्ट बीम, दोन्हींत तेच. लाल कॅलिपरनं गाडी कडक होत नाही; तो रंग आहे. बैठकीत ज्या सस्पेन्शननं कंबरडं मोडणार होतं, त्याची जातकुळी आरामाच्या मॉडेलातही तीच आहे.

मग दोन शाखांत फरक कशात? इंजिनात. आणि इथे पूर्वपक्षाची खरी अडचण सुरू होते.

साध्या शाखेत 1.0 लिटरचं तीन सिलिंडरचं टर्बो इंजिन आहे, 115 पीएसचं. जीटी प्लसमध्ये 1.5 लिटरचं चार सिलिंडरचं, 150 पीएसचं. तीन सिलिंडरचं इंजिन स्वभावतःच थोडं डुगडुगतं. पहिला आणि तिसरा पिस्टन क्रँकच्या दोन टोकांना वेगवेगळ्या वेळी वरखाली होतात, आणि त्यामुळे इंजिन नावेसारखं टोकाकडून टोकाकडे झुकत राहतं. रबरी माउंट आणि वजनं लावून ते बरंचसं लपवतात, पण लपवावं लागतं. एका ओळीतल्या चार सिलिंडरमध्ये बाहेरचे दोन पिस्टन वर जातात तेव्हा आतले दोन खाली येतात. हे नावेसारखं झुकणं तिथे मुळातच नाहीसं होतं. त्याचं स्वतःचं एक बारीक थरथरणं असतं, पण एवढ्या लहान इंजिनात ते फारसं जाणवत नाही. म्हणजे सिग्नलला उभं असताना स्टिअरिंगवर ठेवलेल्या हाताला जास्त शांत वाटावी अशी रचना स्पोर्टी म्हणवणाऱ्या गाडीची आहे. शिवाय इंजिनावर भार हलका असला की ती चारांतले दोन सिलिंडर बंद ठेवते. हे शर्यतीच्या गाडीचं लक्षण म्हणायचं की काटकसरी गृहस्थाचं?

ताकदीचंही तसंच. ताशी 100 च्या मर्यादेत ताकद कशाला, हा प्रश्न सपाट रस्त्यावरचा आहे. खंबाटकीचा चढ, चार माणसं, डिकी भरलेली, एसी चालू, पुढे उसाची ट्रॉली. छोट्या इंजिनाला तिथे गिअर खाली टाकून ओरडावं लागतं. मोठं इंजिन आपला 250 न्यूटन-मीटरचा पूर्ण जोर 1600 फेऱ्यांपासूनच देतं. छोट्याचा 178 चा जोर 1750 पासून सुरू होतो. आकडे कोरडे आहेत, पण मागच्या सीटवर त्यांचा अर्थ साधा आहे: गाडी हिसका न देता, आवाज न चढवता पुढे सरकते. ताकद जाळायची नसते, शिल्लक ठेवायची असते. घरात मोठं पातेलं असतं ते रोज काठोकाठ भरायला नव्हे.

आता मूळ मुद्दा. समजा स्पोर्टी आवृत्तीच्या स्प्रिंग खरोखरच थोड्या कडक आहेत. तरी ‘मऊ म्हणजे आराम’ हे समीकरण येतं कुठून? मला वाटतं, ते झोपाळ्यातून आणि गादीतून आलं. कॉन्टेसाच्या सोफ्यासारख्या सीटवर बसलेल्या पिढीला ते पटतंही. पण झोपाळ्यावर आपण झोका आपल्या मर्जीनं घेतो. गाडीत झोका रस्ता देतो आणि तो थांबवायचा कुणी, हा प्रश्न उरतो. पालखी सुखाची होते ती दांडा लवतो म्हणून नव्हे, भोई गुडघ्यात वाकून हिसका जिरवतात म्हणून. गाडीत दांडा म्हणजे स्प्रिंग आणि भोयाचे गुडघे म्हणजे शॉक ॲब्सॉर्बर. शॉक ढिले असले की गतिरोधक ओलांडल्यावरही गाडी दोन-तीनदा डुलते. त्या डुलण्याला आपण ‘कम्फर्ट’ म्हणतो आणि मागे बसलेली आजी पिशवी शोधते.

या विषयाचं शास्त्र घडवणाऱ्यांत मॉरिस ओली हा इंग्रज इंजिनिअर आघाडीवर होता. रोल्स-रॉइस सोडून 1930 च्या सुमारास तो अमेरिकेतल्या कॅडिलॅकला गेला. तिथे त्यानं एक गाडी अशी बनवली की तिच्यावरची वजनं पुढेमागे हलवता येत. माणसं तिच्यात बसवून तो विचारी, कसं वाटतं? निष्कर्ष असा निघाला की आराम नुसत्या मऊपणात नाही, पुढच्या आणि मागच्या स्प्रिंगच्या मेळात आहे. उंचवट्यावर पुढचं चाक आधी चढतं आणि मागचं नंतर. मागची बाजू पुढच्यापेक्षा जराशी जलद हलली, तर ती पुढच्या हेलकाव्याला गाठते आणि गाडी सपाट राहते. नाहीतर नाक वर, शेपूट खाली, असा घोड्यासारखा खेळ चालतो. म्हणजे मागची बाजू पुढच्यापेक्षा किंचित ताठ ठेवणं हे मागे बसलेल्यांच्याच सुखासाठी असतं. आणि याच ओलीचा, वळणावर गाडी बाहेर जाते की आत वळते हे सांगणारी अंडरस्टीअर-ओव्हरस्टीअर ही परिभाषा रूढ करण्यातही मोठा वाटा आहे. आराम आणि पकड यांची शास्त्रं एकाच माणसाच्या टेबलावर वाढली. त्यांना जन्मजात वैरी ठरवलं ते नंतरच्या जाहिरातींनी.

‘गाडी लागणं’ हा आपला शब्द फार नेमका आहे; दोष पोटाचा नाही, गाडीचा, असं तो सरळ सांगतो. माणसाला सर्वांत जास्त मळमळतं ते भराभर बसणाऱ्या हादऱ्यांनी नव्हे, तर संथ हेलकाव्यांनी. साधारण पाच सेकंदांत एक या गतीच्या. आंबोलीचा किंवा वरंधचा घाट आठवा. डावं वळण, उजवं वळण, मध्ये ब्रेक, पुन्हा ॲक्सिलरेटर. लय हीच. त्यात मऊ गाडी प्रत्येक वळणावर कलते आणि डोकं आणखी लांबचा फेरा घेतं. सगळा दोष स्प्रिंगवर टाकणं बरोबर नाही. मोठा वाटा चालकाच्या पायाचा. पण कमी कलणारी आणि घाटात वारंवार गिअर न बदलणारी गाडी त्याच पायाला आवर घालायला मदत करते. पोरांना ओकाऱ्या होतात म्हणून मऊ मॉडेल घेणारे लोक मला भेटतात, तेव्हा काय बोलावं ते सुचत नाही.

उलट बाजूही सांगायला हवी, नाहीतर हे खंडन नुसती वकिली ठरेल. काँक्रीटच्या रस्त्यात साधारण साडेचार मीटरवर एक सांधा असतो. ताशी 80 नं जाताना सेकंदाला पाच ठोके बसतात, आणि बसलेल्या माणसाचं शरीर उभ्या दिशेनं सेकंदाला चार ते आठ या पट्ट्यातल्याच हादऱ्यांना सर्वांत हळवं असतं. तिथे फुगीर टायर आणि हलका शॉक यांचाच जय. पूर्वपक्षाचा हा मुद्दा मी निमूट मान्य करतो. 40 च्या टायरची गाडी या रस्त्यावर तासाभरात थकवते. ती आरएस मी आईसाठी घेतली नसती. फक्त त्याचं कारण टायरवर छापलेलं आहे, डिकीवरच्या अक्षरांत नाही.

दुसरी कबुली जास्त महत्त्वाची, आणि ती पूर्वपक्षालाही सुचलेली नाही. आरामाचा सर्वांत मोठा फरक या दोन गाड्यांत आहे तो गिअरबॉक्सचा. साध्या शाखेतल्या ऑटोमॅटिकमध्ये टॉर्क कन्व्हर्टर आहे: इंजिन आणि गिअर यांच्या मध्ये तेल. जीटी प्लसच्या ऑटोमॅटिकमध्ये दोन क्लच असलेला सात गिअरचा डीएसजी. मोकळ्या रस्त्यावर डीएसजी लोण्यासारखा चालतो. पण सिंहगड रोडला संध्याकाळी सात वाजता, जिथे गाडी दोन फूट सरकते आणि थांबते, तिथे त्याच्या क्लचला आपल्या डाव्या पायासारखंच सतत धरसोड करावी लागते, आणि ती जाणवते. तेलाच्या मध्यस्थीनं चालणारी गाडी तिथे शांतपणे सरकते. म्हणून ज्याचा दिवस शहरातच जातो, त्यानं साधी शाखा घ्यावी, हा माझा निवाडा. पंधरवड्याला कोल्हापूर गाठणाऱ्यानं जीटी प्लस घ्यावी, आणि मागच्या सीटवरच्यांचं नाव सांगूनच घ्यावी.

या वादात एक गोष्ट कुणीच काढत नाही, ती म्हणजे हवा. टायरमध्ये किती हवा भरायची तो आकडा गाडीवरच लिहिलेला असतो, दाराच्या चौकटीवर किंवा इंधनाच्या झाकणामागे. पंपावरचा पोरगा तो वाचत नाही. त्याचा स्वतःचा एक ठरलेला आकडा असतो आणि तो सगळ्या गाड्यांना सारखाच. जादा हवा भरली की टायरची बाजू ताठ होते आणि तुमचं महागडं सस्पेन्शन पुढे फार काही करू शकत नाही.

मेहुण्यांनी शेवटी टॉपलाइनच घेतली, ऑटोमॅटिक. ते कोथरूडमधून फारसे बाहेर पडत नाहीत, त्यामुळे गाडी योग्यच घेतली. दिलेलं कारण तेवढं चुकीचं होतं. परवा भेटले तेव्हा कुरकुरत होते, ‘आरामाचं मॉडेल घेऊनही दणके बसतातच की!’ मी डिकीतून प्रेशर गेज काढला. झाकणामागच्या आकड्यापेक्षा चारही टायरांत आठ-आठ पीएसआय जास्त हवा होती.