पुणे आणि मुंबई : दोन नगरांचे औदार्य

नगरांची तुलना हा विषय पाली वाङ्मयास नवा नाही. विनयपिटकातील महावग्गात राजगृहाचा एक नैगम वैशालीस जातो. तेथील ७७०७ प्रासाद, तितकेच आराम व तितक्याच पुष्करिणी तो पाहतो, आम्रपालीची कीर्ती ऐकतो आणि परतल्यावर आपल्याही नगरीत गणिका नेमावी असे बिंबिसार राजास सुचवितो. त्यानुसार सालवतीची नेमणूक होते. राजगृहाने वैशालीचे वैभव उचलले. तिची गणराज्यपद्धती मात्र उचलली नाही.

पुणे व मुंबई या पुरोगामी म्हणविल्या जाणाऱ्या नगरांची तुलनाही बहुधा अशीच बाह्य गोष्टींवर थांबते. पुणे वाड्यांचे व व्याख्यानांचे, मुंबई चाळींची व गिरण्यांची, असे आपण सहज म्हणतो. परंतु नगराच्या औदार्याची कसोटी त्याच्या उंबरठ्यावर लागते, असे आम्हांस वाटते.

पुण्यात जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी १८४८ साली भिडे वाड्यात मुलींची शाळा काढली. १८७३ साली सत्यशोधक समाज स्थापन झाला. त्याच पुण्यात १९२९ साली पर्वतीच्या मंदिरप्रवेशासाठी अस्पृश्यांना सत्याग्रह करावा लागला आणि सत्याग्रहींवर दगडफेक झाली. मुंबईच्या गिरण्यांनी सर्व जातींना काम दिले. तथापि अधिक वेतनाचे विणकाम खाते अस्पृश्यांना बंद होते. धोट्यातील धागा तोंडाने ओढावा लागे आणि त्यामुळे विटाळ होतो, हे त्याचे कारण. १९२८ च्या संपाच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न ठामपणे मांडला.

पाली अध्ययनाच्या इतिहासातही हा भेद दिसतो. धर्मानंद कोसंबी यांनी १९१२ पासून पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात पाली शिकविली. पुढे मुंबईत त्यांनी परळच्या कामगारवस्तीत बहुजनविहार उभारला. पुण्यात धम्म प्रथम ग्रंथरूपाने आला, तर परळमध्ये तो श्रमिकांच्या शेजारी राहावयास गेला.

सारांश, पुण्याने विचार दिला आणि मुंबईने पोटास काम दिले. समतेचा उंबरठा मात्र दोन्ही नगरांनी अर्धाच ओलांडला. २५ डिसेंबर १९५४ रोजी बाबासाहेबांनी बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली, ती पुण्याच्या पेठांत नव्हे, तर नगराबाहेर देहूरोड येथे. हे स्थळ आपण केवळ वंदनेपुरते स्मरू नये. उदार म्हणविणाऱ्या नगरांचा इतिहास लिहिताना त्याची नोंद प्रथम घ्यावी.